शाळा सोडण्याचे कारण

"नाव?"

"प्रमिला विलास शेवाळे."

"कुठे चाललात?"

"मलेशियाला."

"कशासाठी?"

"फिरायला. म्हणजे आम्ही मैत्रिणी मैत्रिणीच आहोत, सकाळी प्रीतिसंगमावर चालायला जातो ना, तर मेधाताई म्हणाल्या की एकदा परदेश..."

"थांब!" मेधाताईंनी टेबलावर पट्टी आपटली. "प्रमिला, कितीदा सांगितलं तुला? विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. फिरायला. संपलं. प्रीतिसंगम नको आणि मेधाताई तर अजिबात नको."

सरोज भाजलेल्या शेंगा सोलत हसत होती. हे सगळं तिच्याच गच्चीवर चाललं होतं. मेधाताई केळकर बँकेतून निवृत्त झालेल्या. निवृत्त झाल्या तरी काउंटर सुटलं नव्हतं. त्यांच्या कुणा नात्यातल्या माणसाला म्हणे एका कागदापायी विमानतळावरून परत यावं लागलं होतं, तेव्हापासून त्यांनी इमिग्रेशनची धास्ती घेतली होती. आम्हा तिघींसाठी तीन रंगांच्या फायली त्यांनी स्वतः आणल्या. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विमा, फोटो, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. आणि रोज दुपारी चारला ही तालीम. त्या अधिकारी व्हायच्या आणि आम्ही दोघी थरथरायचो.

याला आता सात वर्षं झाली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. कराडला माझी रोपवाटिका होती, अजूनही आहे. हाताखाली अकरा बायका. आंब्याची कलमं बांधायची माझी पद्धत बघायला शेतकी कॉलेजातले प्राध्यापक येत. सरोज हायस्कुलात मराठी शिकवायची. या दोघींच्या पंगतीत मी चार वर्षं बरोबरीनं बसत होते, आणि परदेश म्हणून पहिल्यांदाच कुठे निघाले होते.

"आता पासपोर्ट," मेधाताई म्हणाल्या. मी तो दोन्ही हातांनी दिला. त्यांनी चष्मा नाकावर ओढून एकेक पान उलटलं, शेवटच्या पानावर आल्या आणि थांबल्या.

"हे काय? ईसीआर?"

"असेल काहीतरी," मी म्हणाले.

"काहीतरी नाही गं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टावर असतं हे. अशा लोकांना कामाच्या नावाखाली बाहेर नेऊन फसवतात, म्हणून सरकार जास्त चौकशी करतं."

सरोजचा शेंगा सोलणारा हात थांबला. "पण प्रमिला, तू तर बारावी ना?"

हो, सांगितलं होतं मी तसं. पहिल्याच दिवशी चालता चालता तिनं सहज विचारलं होतं, मी सहज बारावी म्हणून गेले होते. फार मोठं नव्हतं मागितलं मी स्वतःसाठी. बी.ए. म्हणाले असते तरी कोण तपासणार होतं?

"दहावीला नापास झाले मी," मी म्हणाले. "पासपोर्टाच्या एजंटनं विचारलं दहावी का, तर मी नाही म्हणाले. त्यानं तसं लिहिलं."

"अगं, त्यात काय एवढं!" सरोज लगेच म्हणाली. तो सूर मला पाठ होता. सासरी ऐकला होता, पोरीच्या शाळेत पालकसभेला ऐकला होता. माणसं एकदम गोड बोलायला लागली की समजायचं, आपली पायरी एकानं खाली आली. मला तिच्या तोंडावर शेंगांची टरफलं फेकावीशी वाटली.

मेधाताईंना असल्या गोडव्याशी देणंघेणं नव्हतं. "फिरायला जाणाऱ्यांना अडवत नाहीत. पण काउंटरवरच्या माणसाला शंका आली तर संपलं. आम्ही विमानात आणि तू परत कराडच्या गाडीत. शाळा सोडल्याचा दाखला आहे?"

"नाही."

"मग आण. शिक्षणाचा काहीतरी कागद हवा. मागणार नाहीत, पण फायलीत पाहिजे."

शनिवारी सकाळी मी माहेरच्या गावाला, टाकेवाडीला गेले. सव्वीस वर्षांत मी त्या शाळेच्या रस्त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. माहेरी जायचं तर पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि ओढ्याकडून मागं यायचं. शाळेतल्या मैत्रिणी समोर आल्या तर मुलाबाळांचं बोलायचं आणि निकालाचा विषय निघायच्या आत घाई आहे म्हणून सटकायचं. नापासाची लाज मी अशी रस्ता बदलून सांभाळली होती.

शाळेचे क्लार्क भाऊसाहेब भला माणूस. जुनं रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं, हातानं दाखला लिहिला, शिक्का मारला, मुख्याध्यापकांची सही आणली. मी उभ्या उभ्या वाचला. थोरवे प्रमिला बबन, माझं माहेरचं नाव. जन्मतारीख बरोबर. वर्तणूक चांगली. आणि त्याखाली, शाळा सोडण्याचे कारण: मार्च १९९२ च्या एस.एस.सी. परीक्षेत उत्तीर्ण.

"भाऊसाहेब, हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"मी नापास आहे."

त्यांनी दाखला हातात घेऊन पाहिला, रजिस्टर पाहिलं, मग मला पाहिलं. "रजिस्टरात हेच आहे, बाई."

"मग रजिस्टरात चुकलं असेल. तुम्ही नापास लिहून द्या."

"अहो, लोक इथं पास लिहा म्हणून हुज्जत घालतात. नापास लिहा म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच!"

"मला विमानतळावर दाखवायचाय हा. खोटा दाखला दाखवला म्हणून मला आत टाकलं तर तुम्ही येणार सोडवायला?" माझा आवाज चढला होता. खरं सांगते, त्या क्षणी मी नापास होण्यासाठी जीव तोडून भांडत होते.

भाऊसाहेब वैतागून स्टुलावर चढले. कपाटावरून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा खाली काढला, धूळ झटकली, निकालपत्रकं पसरली आणि बोट ठेवलं. थोरवे प्रमिला बबन. सातशेपैकी चारशे एकतीस. गणितात दीडशेपैकी एकशे अठरा. प्रथम श्रेणी.

"आता तरी पटलं?"

मला वाचता येत होतं, पण कळत नव्हतं. मी म्हणाले, "मग माझी गुणपत्रिका?"

त्यांनी दुसरी वही काढली. गुणपत्रिका वाटपाची. माझ्या नावासमोर घेणाऱ्याची सही होती, वळणदार, खाली दोन टिंबं दिलेली. सं. ब. थोरवे. नाते: भाऊ.

निकालाच्या वेळी मला कांजिण्या आल्या होत्या. मी माजघरात कडुनिंबाच्या पाल्यावर पडून होते, म्हणून संपतदादा सायकलवर गेला. तो परत आला ते मला आतून ऐकू आलं. तो मला काही म्हणालाच नाही, वडिलांना, आबांनाच म्हणाला, "नापास झाली. गुणपत्रिका फाडून टाकली, कशाला घरात ठेवायची." आबा म्हणाले, "म्हंजी दोघंबी सारखीच निघाली." दादा बारावीत नापास होऊन तेव्हा दहाबारा दिवसच झाले होते. मी गोधडीत तोंड घालून रडले. मला त्याची कीव आली होती, बहिणीचा असला निकाल आणावा लागला म्हणून! तुळशीची लग्नं लागली आणि त्यापाठोपाठ माझंही लागलं. गावानं समजून घेतलं की दहावी झाली, आता पोरीला उजवली. गावात कुणी मला विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

शाळेपासून दादाचं घर चालत पाच मिनिटं. मी किती वेळात पोचले ते आठवत नाही. शनिवारची शाळा सुटून तो नुकताच आला होता. हो, तोही शाळेतच. थोरवे गुरुजी. ऑक्टोबरला परत बसला, पास झाला, डी.एड. केलं, आणि आता आजूबाजूच्या चार वाड्यांत त्याच्या शब्दाला मान. सोप्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होता.

"पमे? अचानक? फोन तरी करायचा."

मी दाखला त्याच्या पेपरवर ठेवला. त्यानं चष्मा लावला. मिनिटाभराचा कागद, पण तो वाचतच राहिला.

"कुनी दिला ह्यो?"

"शाळेनं. शिक्क्यासकट."

"आता ह्ये कशापायी उकरून काढलंस?"

चुकलंय म्हणाला नाही तो. मला माहीत नव्हतं म्हणाला नाही. तोपर्यंत माझ्या मनात कुठेतरी वेडी आशा होती की सहीच दुसऱ्या कुणाची असेल.

"तुजी सही हाय वहीत," मी म्हणाले. "खाली दोन टिंबं. अजून तशीच करतोस."

"बस तरी आधी."

"बसायला नाही आले. का केलंस?"

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. वहिनी चहा ठेवत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "आबांनी आदल्या दिशी मला सांगितलं हुतं. म्हनलं, पोरगी पास झाली तर तिला घालतो कराडला कालिजात, आन तू बस म्हशींमागं. मी अठरा वर्साचा हुतो, पमे. भ्यालो."

"मग?"

"आट दिसांनी सांगनार हुतो. देवाशपथ. आट दिस झालं, पंधरा झालं. मग तुजं स्थळ आलं, धावपळ सुरू झाली. आन सांगायचं राहूनच गेलं."

राहूनच गेलं. पाहुण्याकडे छत्री राहते. भाजीत मीठ घालायचं राहतं. कुणाला फोन करायचा राहतो. हा माणूस माझी दहावी फाडून घरी आला, हात धुऊन जेवला, आणि सव्वीस वर्षांनी मला सांगतो की सांगायचं राहून गेलं! मला इतका संताप आला की कानात शिट्ट्या वाजायला लागल्या.

"राहून गेलं?" मी ओरडले. "माज्या लग्नात तू अक्षता वाटत हुतास, तवा राहिलं? दर भाऊबीजेला ओवाळलं तुला, पाटावर बसून नारळ घेतलास हातात, तवा राहिलं? गेल्या साली माजी पोरगी दहावी पास झाली तवा तिच्या पाठीवर थाप मारून काय म्हनलास? मामावर गेली म्हनलास! मी पेढे वाटत हुते आन तू म्हनलास मामावर गेली! तवाबी राहूनच गेलं?"

वहिनी चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. तिला बहुधा काहीच माहीत नव्हतं. दादाचा चेहरा उतरला, डोळे भरून आले. गुरुजी होता, रडणाऱ्या पोरांना गप्प करायची त्याला सवय, स्वतःला कसं गप्प करायचं ते कळेना.

"चूक झाली गं. लई मोठी चूक झाली. आता काय करू सांग. पाया पडू तुज्या?"

"पाया नको पडू. राहिलंय ते सांग."

"काय?"

"तवा सांगायचं राहिलं ना? मग आता सांग. पमे, तू पास झालीस. एवढंच म्हण."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वहिनीकडे, मग बाहेर रस्त्याकडे. शेजारचा एकजण कुंपणाशी उगाच रेंगाळला होता.

"हळू बोल जरा, पमे. लोकं ऐकत्यात."

चार शब्द होते. पोरांना रोज शाबासकी देणारा माणूस, त्याच्या तोंडातून ते निघाले नाहीत. मी दाखला उचलला आणि निघाले. फाटकापर्यंत तो मागे आला आणि म्हणाला, "गावात नगं बोलूस कुनापाशी." चहा त्याच्या घरचा मी त्या दिवशी घेतला नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत त्याच्या घरचं पाणीही प्यायले नाही. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्या. सोडून द्यायला आधी ते माझ्या हातात तरी यायला पाहिजे होतं.

सोमवारी सरोजच्या गच्चीवर मी दोघींना सगळं सांगितलं. सरोज रडली. या वेळी तिच्या रडण्याचा मला राग आला नाही. मेधाताई दाखला डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत होत्या.

"एकशे अठरा," त्या म्हणाल्या. "मला गणितात दीडशेपैकी शहाण्णवच होते." मग दाखला माझ्या हातात परत देऊन त्यांनी आवाज कोरडा केला. "हा घरी ठेव."

"काय?"

"नीट ऐक. पासपोर्ट म्हणतो दहावी नाही, दाखला म्हणतो आहे. दोन कागद दोन गोष्टी बोलायला लागले की तिसरा माणूस दोन्ही खोटे धरतो. त्याला वाटेल दाखला बनावट. विचारलंच तर नुसतं नाही म्हणायचं. तिकीट दाखवायचं, हॉटेल दाखवायचं, शिक्का घ्यायचा. परत आलो की पासपोर्ट बदलून घ्यायचं काम माझं. गुरुवारी विमान आहे, प्रमिला. आता हट्ट करू नकोस."

त्यांचं चुकत नव्हतं. तेच जास्त लागलं. मग आम्ही तालीम केली. "दहावी?" "नाही." "दहावी झालीय?" "नाही, साहेब." वीसएक वेळा तरी म्हणून घेतलं त्यांनी माझ्याकडून. मी शहाण्या पोरीसारखी म्हणत गेले. घरी येऊन मी तो दाखला घडी घालून पर्समध्ये ठेवला. मेधाताईंना सांगितलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही भर दुपारी रांगेत उभ्या होतो. मेधाताई पुढे, मग सरोज, मग मी. मेधाताईंना एक प्रश्न विचारला, सरोजला तोही नाही. दोघी पलीकडे जाऊन माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काउंटरवर एक तरुण मुलगा होता. हिंदीत बोलत होता.

"कहाँ जा रही हैं?"

"मलेशिया."

"किसलिए?"

"घूमने." विचारलं तेवढंच. पलीकडे मेधाताईंनी मान डोलावली.

त्यानं तिकीट बघितलं, हॉटेलचा कागद बघितला, आणि शेवटचं पान उघडलं. "दसवीं नहीं की है आपने?"

नाही जिभेवर तयार होतं, वीस वेळा घोटलेलं. एक शब्द, मग शिक्का, मग मलेशिया. तो मुलगा चांगला होता, उत्तर काय येणार हे माहीत असल्यासारखा त्यानं शिक्का हातात घेतलाही होता. मला दादाचं बंद तोंड दिसलं आणि सगळ्या अंगातून तो शनिवारचा संताप परत वर आला.

"की है," मी म्हणाले. "फर्स्ट क्लास."

त्याचा हात थांबला. "तो फिर ये?"

मी पर्समधून दाखला काढून काचेखालून सरकवला. पलीकडे मेधाताईंनी कपाळावर हात मारला. त्या मुलाला हातानं लिहिलेलं मराठी लागेना. त्यानं कुणाला तरी फोन केला, पासपोर्ट आणि दाखला उचलला आणि मला बाजूच्या टेबलाकडे जायला सांगितलं. रांगेतले लोक माझ्याकडे चोरासारखे बघायला लागले. विमानाला सव्वा तास होता.

टेबलामागे पन्नाशीचे एक अधिकारी होते. दाखला हातात घेताच म्हणाले, "मराठीच ना? बसा."

"उभीच बरी आहे."

"पासपोर्टवर दहावी नाही म्हणून कुणी लिहिलं?"

"मीच."

"आणि हा दाखला?"

"खरा आहे. नाव माहेरचं आहे. त्यावर शाळेचा फोन आहे. आत्ता शाळा भरलेली असेल, लावा."

ते माझ्याकडे निरखून बघत होते. "बाई, दोन्ही कसं खरं असेल?"

"मी नापास झाले असं मला सांगितलं होतं, साहेब. माझ्या सख्ख्या भावानं. निकाल आणायला तो गेला होता. तो स्वतः नापास होता आणि मी पास झालेली त्याला परवडणार नव्हती. मागच्या शनिवारी मला कळलं. सव्वीस वर्षांनी." मला हळू बोलायचं नव्हतं, मी बोललेही नाही. शेजारच्या काउंटरवरची बाई मान वळवून बघायला लागली. बघू दे म्हटलं. गावात नको बोलूस म्हणाला होता ना, मुंबईचं काही बोलला नव्हता.

त्यांनी फोन लावला. नाव सांगितलं, साल सांगितलं, हं हं म्हणत राहिले. पलीकडून भाऊसाहेब बराच वेळ बोलत असावेत, कारण मधेच साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. फोन ठेवून त्यांनी माझं परतीचं तिकीट पुन्हा तपासलं, आम्ही तिघी कुठे राहणार ते विचारलं, कधी येणार ते विचारलं. मग पासपोर्ट घेऊन स्वतः काउंटरपाशी गेले, त्या मुलाला काहीतरी सांगितलं आणि शिक्का मारून घेऊन आले. दाखला घडीवर घडी घालून पासपोर्टात ठेवला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"एक विचारू का, बाई? नुसतं नाही म्हणाला असतात, तर दोन मिनिटांत सुटला असतात."

"सव्वीस वर्षं नाहीच म्हणत आले, साहेब," मी म्हणाले. "कुठे सुटले?"